ठकूचा भुंगा

"दोन्ही गेल्या, काका." दुरुस्तीवाल्यानं दोन्ही हार्ड डिस्क काउंटरवर ठेवल्या. "मोठ्या लॅबलासुद्धा पाठवून पाहिल्या. त्यांनीही हात टेकले."

काकांनी त्यांना हात लावला नाही. लेक गेली आणि मागे राहिलं ते एवढंच होतं. ठकूचे फोटो, तिची बडबड, तिचं हसणं, सगळं ह्यात. फोन भरला की ती सगळं घरच्या सर्व्हरमध्ये टाकायची आणि फोन रिकामा करायची. आपलं घर परक्या कंपनीच्या हाती कशाला द्यायचं, म्हणायची. आई-बापाचे फोनही तीच रिकामे करून द्यायची. शहाणी पोर! थोडी कमी शहाणी असती तर काय बिघडलं असतं?

"पण घरी सर्व्हर चांगला चालत होता हो."

"फिरत होत्या तोवर फिरत होत्या. जुनी डिस्क वर्षानुवर्षं चालू असते, आणि एकदा बंद पडून थंड झाली की पुष्कळदा परत उठतच नाही. दोन्ही एकाच वयाच्या. तुम्ही तो बंद केला नसता ना, तर..."

"हळू बोला." काकांनी दाराकडे पाहिलं. जिन्यात काकूंची पावलं वाजत होती. "बटण हिनं दाबलं. भेटायला माणसं येत होती, त्या घरघरीत कुणाचं बोलणं ऐकू येईना, म्हणून. तिला हे कळलं तर ती जगायची नाही. तुम्ही एक दुसरा सर्व्हर द्या मला. रिकामाच असू दे. चालू दिसला म्हणजे झालं."

गुडघा धरत काकू आत आल्या. स्टुलावर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "झाला का हो दुरुस्त?"

"तो पार झिजलाय," काका म्हणाले. "दुसरा घेऊ. ठकूचं सगळं त्यात भरून देणारेत हे." जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस, कान लालबुंद झाले.

दुरुस्तीवाल्याला आता दाखवणं भागच होतं. त्यानं आधी मोठा दाखवला. कुठल्याशा बंद झालेल्या ऑफिसातून निघालेला, काळा, दोघांनी उचलावा असा. "सेकंडहँड आहे, पण दणकट. सुटे भाग कधीही मिळतील. फक्त आवाज फार, आणि वीज खातो." मग एक छोटासा डबा पुढे केला. "नाहीतर असा मी असेंबल करून देतो. पंखा फिरतोय की नाही तेसुद्धा कळायचं नाही. घरासाठी हाच घ्या, काकू. झोप तरी लागेल."

"झोप कुणाला लागतेय मेली! तो मोठा चालू करून दाखवा."

बटण दाबताच त्याचे सगळे पंखे एकदम खवळले. मग हळूहळू घरघरीवर आले. काकू डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"अगदी तस्सा! रोज तिच्या नावानं शंख करायचे मी. बंद कर गं तुझा भुंगा, डोकं उठलंय माझं. तर म्हणायची, आई, भुंगा माझ्या खाटेखाली, तुझ्या डोक्यात कसा शिरला?" काकू हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या.

"मग हाच घेऊ," काका घाईनं म्हणाले.

"घेऊ. पण आधी तिचा आवाज लावायला सांगा. फार नको. नुसती 'आई' म्हणून हाक मारते ना, तेवढी."

दुरुस्तीवाला खाली वाकून उगाचच वायरी चाचपत राहिला.

"अजून भरायचंय गं. घरी गेल्यावर..."

"मग जुन्यातनं लावा. हे काय, इथंच तर आहे." काकूंनी एक डिस्क उचलली आणि तळव्यानं पुसली. "ह्यातच आहे ना ती?"

काका काउंटरकडे बघत राहिले. काकूंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग दुरुस्तीवाल्याकडे, परत नवऱ्याकडे.

"काय हो? मी त्या दिवशी तो बंद केला, तेव्हा काही..."

"पडला," काका म्हणाले.

"काय?"

"माझ्या हातून पडला गं. दुरुस्तीला आणताना, इथंच जिन्यात. पायरी चुकली. नाहीतर त्यातलं सगळं शाबूत होतं. तुझ्या बंद करण्यानं काही झालं नव्हतं."

काकूंनी दुरुस्तीवाल्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. "हो, काकू. पडल्यामुळंच गेलं."

काकू डिस्क काउंटरवर ठेवून उठल्या आणि त्यांनी दोन्ही मुठींनी नवऱ्याच्या छातीवर मारायला सुरुवात केली. "एक गोष्ट सांभाळता आली नाही तुम्हाला! एक गोष्ट! माझी पोर पाडलीत हो तुम्ही, माझी पोर पाडलीत!"

काकांनी त्यांचे हात धरले नाहीत. "हो गं," एवढंच म्हणत राहिले. "मीच. मीच पाडली."

दमल्यावर काकू ती डिस्क परत उचलून, छातीशी धरून जिना उतरायला लागल्या. काकांनी आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला. काका वरच्या पायरीवर थांबले, त्या खाली पोचेपर्यंत बघत राहिले आणि मग परत आत आले.

दुरुस्तीवाला मोठा सर्व्हर बंद करायला निघाला होता.

"हाच बांधून द्या," काका म्हणाले.

"आता कशाला, काका? काही लपवायचं उरलं नाही. आणि घ्यायचाच असेल तर तो छोटा घ्या, शांत आहे."

"नको." काकांनी शर्टाची गुंडी लावली. मुठींच्या माऱ्यात ती सुटली होती. "ही आता माझ्याशी बोलायची नाही. घरात आवाज लागेल."