तुटका ॲक्सल

गाडीचा पुढचा ॲक्सल बदलायचा खर्च ऐकून मी गॅरेजमधल्या स्टुलावर मटकन बसलो. आईच्या नव्या कवळीसाठी काढून ठेवलेले सगळे पैसे त्यात गेले. "असू दे रे, मी आणखी थोडे दिवस मऊच खाईन," आई म्हणाली, तेव्हा माझी मलाच किळस आली.

गाडी परत देताना मेकॅनिकने गोणपाटात गुंडाळलेला तुटका ॲक्सल डिकीत ठेवला. "जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा आपला नियम. उगाच कुणाला संशय नको."

हे गॅरेज सुचवणाऱ्या मेहुण्याची कॉलर ताठ झाली. "बघा भावोजी, म्हटलं नव्हतं देवमाणूस आहे म्हणून!"

गाडी वळवताना चाकातून अजून तशीच कटकट येत होती. नवा पार्ट आहे, बसायला वेळ लागतो, असं देवमाणसाचं म्हणणं. इकडे ते काळं, चिकट धूड जिन्याखाली पडून होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांना ग्रीस फासत होतं. "ही घाण आधी बाहेर काढा," बायको कडाडली. शेवटी मी ते उचललं आणि गॅरेजशेजारच्या भंगारवाल्याकडे नेलं.

त्याने वजनकाट्याकडे पाहिलंसुद्धा नाही.



"तो आत नका आणू साहेब, इथे दारातच ठेवा. मेकॅनिक येईलच न्यायला, त्याला उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या डिकीत टाकायचा असेल."