चादरींची गल्ली

“ती भिंत अजून पलीकडे सरकवा. हिचा आवाज माझ्या कानावर पडता कामा नये,” गादीवाली म्हातारी म्हणाली.

दोघांनी काठ्या उपटल्या आणि भिंत दोन हात पलीकडे नेऊन रोवली. भिंत म्हणजे फुलाफुलांची चादर. वाऱ्याने तिचं पोट फुगलं आणि पुन्हा बसलं.

मैदानावर आज अख्खी गल्ली उभी होती, चादरींची. वस्ती पाडायची नाही, आहे तिथेच नीट करायची, असं ठरल्यापासून नकाशेबाई या दिवसाची वाट बघत होती. हे नाव तिला वस्तीने दिलेलं. खरं नाव कोणी विचारलं नव्हतं आणि तिलाही आता हेच आवडायला लागलं होतं. कागदावरच्या घरात शिरता येत नाही, म्हणून जमिनीवर फक्कीच्या रेषा मारायच्या, काठ्या रोवायच्या, चादरी टांगायच्या आणि ज्याने त्याने आपल्या घरात हिंडून बघायचं. मोरी कुठे, दार कुठे, खाट मावते का. उन्हाने त्या भिंती आतून उजळल्या होत्या. माणसं हळू आवाजात बोलत होती, नसलेल्या उंबऱ्यावरून जपून पाय उचलत होती. आपण कोणाच्या तरी झोपेत शिरलोय असं नकाशेबाईला सारखं वाटत होतं. त्याला एवढ्यात जाग येऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

टोचत होता तो एकच नियम. ज्याचं घर त्याला घर; घरातल्या लेकीसुनेने वेगळी चूल मांडायची म्हटली, तर तिलाही. भाडेकरूंना काही नाही. त्यांच्यासाठी ती ऑफिसात साहेबांशी तावातावाने भांडली होती, हरली होती. वस्तीत तो नियम तिने मान खाली घालूनच सांगितला. नशिबाने या गल्लीत एकही भाडेकरू निघाला नाही. तेवढाच जिवाला आराम.

आणि इथे ही म्हातारी दिवस गेलेल्या सुनेला घराबाहेर काढायला निघाली होती!

“आजी, एकाच घरात दोन खोल्या करू,” नकाशेबाई म्हणाली. “मध्ये दार ठेवू. बाळंतपणात तिला तुमचा आधार होईल.”

“आधार? हिला? भाजीत मीठ किती घालायचं हे जिला अजून कळलं नाही, तिला आधार देऊन काय होणार! वेगळं दार, वेगळी शेगडी. नाहीतर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही.”

“आणि मुलगा काय म्हणतो तुमचा?”

“तो परगावी. त्याला काय विचारायचंय?”

लॉन्ड्रीत इस्त्री करणारी ती सून आता कंबरेवर हात ठेवून पुढे आली. “मग माझंही ऐका. सासूबाई रात्रभर घोरतात. नकाशात घोरण्यासाठी जागा सोडलीय का?”

“ऐकलंत? मोठ्यांशी बोलायची ही रीत!”

सुनेने तोंडावर हात दाबला आणि ती चादरीआड पळाली. पलीकडे तिची सावली वाकलेली दिसत होती. खांदे गदगदा हलत होते. नकाशेबाई शेजाऱ्यांकडे वळली.

“यांचं नेहमीच असं असतं का हो?” तिने सायकल दुरुस्तीवाल्याला विचारलं.

“रोज! आमचे कान किटले.”

“दुसरी असती तर केव्हाच पळून गेली असती,” त्याची बायको म्हणाली. समोरच्या न्हाव्यानेही मान डोलावली. नळ कुठे बसवायचा यावर महिनोन्महिने एकमेकांची डोकी खाणारी ही मंडळी आज एका सुरात बोलत होती. म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असणार, असं नकाशेबाईने धरलं.

ती चादरीच्या खोलीत शिरली. खिडकीसाठी चादरीला कात्रीने चौकोन पाडला होता आणि त्यातून आलेलं ऊन सुनेच्या पोटावर पडलं होतं. ती डोळे पुसत होती.

“तुला स्वतःला काय हवंय?”

“खिडकी इथेच असू द्या. खाली पाळणा मावेल.” मग तिचा आवाज एकदम उतरला. “बाई, खरंच मिळेल ना? कोणी ऊठ म्हणणार नाही ना?”

“एकटी राहशील?”

“एकटी कुठे? भिंतीला भिंत आहे की.”

नकाशेबाईने बाहेर येऊन फक्कीची रेष मारली. एका घराची दोन झाली. साहेब आले तेव्हा सासूसुनेची मीठ आणि घोरण्यावरून पुन्हा जुंपली होती. त्यांनी कानावर हात ठेवले, नकाशावर सही ठोकली आणि ते गाडीत जाऊन बसले.

दुपारी चादरी उतरल्या. भिंती घड्या होऊन एकमेकींवर बसल्या. मैदान पुन्हा नुसतं मैदान झालं. नकाशेबाई आणि गादीवाली फुलांच्या चादरीची दोन-दोन टोकं धरून जवळ आल्या, आणि नकाशेबाईला राहवलं नाही. ती रडायलाच लागली.

“आजी, घरं बांधायला म्हणून आले आणि माझ्या हाताने एक घर मोडलं.”

गादीवालीने साहेबांची गाडी वळणाआड गेल्याची खात्री करून घेतली. मग चादरीच्या टोकाने तिचे डोळे पुसले.

“तुम्ही कशाला रडता? रडायचं तर मी रडेन. भाडं माझं बुडणार आहे.”

“भाडं?” नकाशेबाई तिच्याकडे बघतच राहिली. “आणि तुमचा मुलगा?”

“अहो बाई,” म्हातारी म्हणाली, “माझं लग्न कुठे झालंय?”