हीटरचं बटण

तीनदा धुऊनही जुन्या गाडीच्या रेडिएटरमधून गंजाचं तांबूस पाणीच येत होतं. मी वैतागलो. मग ट्यूब पेटली: हीटर बंद होता, त्याच्या नळ्यांत जुनं कूलंट अडकलं होतं. मी बटणाकडे हात नेला तशी गाडीमालकांनी मनगटच धरलं. “त्याला हात लावू नका. लेकीनं बंद केलंय. ‘बाबा, फार उकडतंय’ म्हणाली.” “मग तिलाच विचारा की.” “सहा वर्षं झाली तिला जाऊन.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सांगावंच लागलं, “ही घाण राहिली तर इंजिन बसेल, साहेब. दहा मिनिटं हीटर चालू हवा.” त्यांनी माझं मनगट सोडलं. मग स्वतःच आत बसले, बटण फिरवलं. खाली पाणी नितळ होऊ लागलं. घामाघूम मालक शेजारच्या रिकाम्या सीटची समजूत काढत होते, “दहाच मिनिटं सोस गं, बाळा.”