सल्लागारांची कवळी

खुळखुळ्यांच्या पेट्या गाडीत चढवायच्या बाकी होत्या. आत्याबाईंनी एक खुळखुळा उचलला. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची बहीण आणि आमच्या खेळण्यांच्या कारखान्याच्या बिनपगारी सल्लागार. नेहमीप्रमाणे कवळी डबीत ठेवून त्या बोळक्या तोंडाने खुळखुळा चावत बसल्या. “सल्लागार आज उपाशीच आल्यात वाटतं,” दीर म्हणाले. मीही हसले. “बाळ खुळखुळा वाजवतं कमी, चावतं जास्त,” त्या म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर माझी सात महिन्यांची लेक तसलाच खुळखुळा चोखत होती. दहा मिनिटांनी आत्याबाईंनी तोंडातून खुळखुळ्याचं टोपण काढलं आणि मागोमाग दोन मणी. मी लेकीच्या हातातला खुळखुळा हिसकावून घेतला. दिरांनी पेट्या परत आत नेल्या. लेकीने भोकाड पसरलं. आत्याबाईंनी आपलं बोट तिच्या तोंडात दिलं. “चाव गं, हे निघत नाही.” मी त्यांची कवळी धुऊन आणली.