अर्ध्या शब्दात

पन्नाशीला माणसाने जगाला काहीतरी देऊन जावं, म्हणून उन्मेषने आवडत्या दहा इंडी रॉक अल्बमांची यादी केली. मुलीच्या आग्रहाखातर त्याने नववा आणि दहावा बदलला, पण पहिला हलणार नव्हता.

"त्यातलं शेवटचं गाणं अर्ध्या शब्दात तुटतं," तो तिला म्हणाला. "याला छाती लागते, बाळा." त्याच्या कॉलेजच्या बँडनेही पुढे आपलं प्रत्येक गाणं तसंच तोडलं होतं. श्रोत्यांनी हरकत घेतली नव्हती.

मुलीने ते गाणं फोनवर लावलं. तो शब्द पुरा झाला. मग बासरी आली, मग कोरस.

"बाबा, हे चालूच आहे की."

"कंपनीने नंतर जोडलं असणार," म्हणत त्याने पहिला क्रमांक ठळक केला.

अल्बम चौसष्ट मिनिटांचा होता. होस्टेलवर मित्राने त्याला भरून दिलेली कॅसेट साठ मिनिटांची होती.