तिकिटाच्या अलीकडे

"एकशे तीन ताप आहे! उतरवा त्याला!"

सोनेरी चष्म्याचे गृहस्थ ओरडले आणि सगळा डबा त्यांच्या मागे उभा राहिला. तिकीट तपासनीसबाईंनी थर्मामीटर पुन्हा डोळ्यांजवळ धरला. आकडा तोच होता. खिडकीपाशी एक सुतार अंगाचं मुटकुळं करून थरथरत होता. तो खोकला की माणसं एकेक बाक मागे सरकत होती.

साथीमुळे साडेतीन महिने लांब पल्ल्याच्या गाड्या बंद होत्या. त्यानंतर सुटलेली ही पहिली गाडी. बावीस तासांचा प्रवास. एकाआड एका बाकावर पट्ट्या चिकटवलेल्या, उशा-चादरी काढून घेतलेल्या, खानपानाच्या डब्याला कुलूप. नऊशे माणसांच्या गाडीत जेमतेम साठ जण होते. कुणाच्या सुनेचे दिवस भरले होते, कुणाचा बाप अंथरुणाला खिळला होता. माणसं वाईट नव्हती. घाबरलेली होती.

बाईंनी वर फोन लावला. उत्तर लगेच आलं. आजारी प्रवासी पुढच्या स्टेशनवर उतरवा.

पुढचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक पत्र्याची शेड आणि बंद तिकीटखिडकी. दवाखाना चाळीस किलोमीटरवर, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. भर दुपारी गाडी तिथे थांबली. सुतार आपणहून उठला. हत्यारांची पिशवी खांद्याला लावताना त्याचा तोल गेला, तसा त्याने बाकाचा दांडा पकडला.

"उतरतो बाई. माझ्यापायी इतक्या जणांच्या जिवाला घोर कशाला?"

बाई दारात उभ्या होत्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारो बिनतिकिटी माणसं गाडीतून उतरवली होती. रडणारी, भांडणारी, वरच्या ओळखी सांगणारी. एकदा तर सख्ख्या दिरालाच उतरवलं होतं, तेव्हा सासूबाईंनी वर्षभर अबोला धरला होता. सेवापुस्तकात एकही लाल शेरा नव्हता, आणि निवृत्तीला सात महिने उरले होते.

"तिकीट कुठलं तुमचं?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या स्टेशनाचं."

"मग मागे फिरा. तिकिटाच्या अलीकडे मी आजवर कुणाला उतरवलेलं नाही."

डब्यात एकच गलका झाला. चष्मेवाले तावातावाने पुढे आले. "तुमची नोकरी घालवीन मी!"

"खुशाल घालवा. पण आधी जरा सरका, आम्हाला मागच्या डब्यात जायचंय."

मागचा डबा रिकामाच होता. बाईंनी सुताराला तिथे नेऊन आडवं केलं, खिडक्या उघडल्या आणि मधलं दार आतून लावून घेतलं. सुताराजवळ राहिल्यावर आता त्याही पलीकडच्या माणसांत जाऊ शकत नव्हत्या. गाडी हलली, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. सगळं ऐकून तो हबकला.

"अगं, ही नसती उठाठेव तुला सांगितली कुणी?"

"नोकरीनं," बाई म्हणाल्या. "आणि गॅसवर दूध ठेवून फोनवर बोलत बसू नका."

फोन ठेवल्यावर मात्र त्या सुतारापासून दोन बाक सोडून टेकल्या. आपण काय करून बसलो हे त्यांना तेव्हा कुठे उमगलं.

त्यांच्याजवळ तापाच्या सहा गोळ्या होत्या. नॅपकिन ओला करून त्या सुताराच्या कपाळावर ठेवत राहिल्या. ताप चढला तसा तो बरळू लागला. "चौकट तिरकी बसली, चौकट तिरकी बसली," असा त्याने धोशा लावला. "असू दे तिरकी, सकाळी बघू," असं त्या दर खेपेला सांगायच्या आणि तो तेवढ्यापुरता शांत व्हायचा. पहाटे त्याला धाप लागली. तेव्हा बाईंनी त्याला पाठीला आधार देऊन बसतं केलं आणि पुढचे चार तास तसंच धरून ठेवलं. मास्क तोंडावर होता, पण दोन बाकांचं अंतर केव्हाच सुटलं होतं.

सकाळी दहाला गाडी शेवटच्या स्टेशनात शिरली. रुग्णवाहिका उभी होती. डॉक्टरने सुताराला तपासलं, ऑक्सिजन लावला आणि बाईंकडे वळून पाहिलं. "वाटेत उतरवला असता तर हाती लागला नसता."

पण फलाटावर साहेबही उभे होते. हातात फाइल. त्यांनी दुरूनच सुरुवात केली. "स्पष्ट आदेश होता, बाई. साठ माणसांचा जीव तुम्ही टांगणीला लावलात. याचा अर्थ कळतो ना?"

 रात्रभराचं जागरण बाईंच्या डोळ्यांत चुरचुरत होतं.

तेवढ्यात पुढच्या डब्यातली माणसं गटागटाने आली आणि अंतर राखून उभी राहिली. चष्मेवाले पुढे झाले. तक्रार येणार हे ओळखून बाईंनी मान ताठ केली. पण चष्मेवाल्यांनी एक कागद साहेबांपुढे धरला. साहेबांनी तो मोठ्याने वाचला.

"सदर आजारी प्रवाशाला उतरवण्यास आम्ही सर्व प्रवाशांनी विरोध केला. दार आम्ही अडवलं. तपासनीसबाईंचा नाइलाज झाला. त्यांचा यात काहीही दोष नाही." खाली सह्या होत्या. अठ्ठावन्न.

चष्मेवाल्यांनी नजर खाली वळवली. "रात्रभर डोळा लागला नाही हो आमचा," ते पुटपुटले.

साहेबांचा आवाज एकदम नरम झाला. "असं होतं तर आधीच सांगायचं. हा कागद जोडतो, प्रकरण मिटलं. या तुम्ही."

बाईंनी त्या साऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं.  

"देव भलं करो यांचं. पण हे खोटं आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "आदेश मी मोडला. तेवढं माझ्याच नावावर राहू द्या."