मशीननं दम खाल्ला नाही

१९५७ साली जुन्नरच्या वरच्या अंगाला घाटरस्त्याचं काम चाललं होतं. हवेचं मशीन खाली उभं असायचं आणि वळणापलीकडं कडा फोडणाऱ्या दोन गड्यांपर्यंत त्याचा लांबलचक पाइप गेलेला असायचा. गड्यांनी हवेवर चालणारं ड्रिल थांबवलं की मशीनची टाकी हवेनं भरायची आणि मशीन फुस्स करून हलकं चालायला लागायचं. त्या गोंगाटात दुसरं काही ऐकू यायचं नाही, पण रखमाजी मुकादमाला तेवढं पुरायचं. सावलीत बसूनच तो खेकसायचा, "बसले भाडखाव! आज जेवायची सुट्टी न्हाई त्यांना."

त्या दिवशी मात्र सकाळी नऊपासून मशीन धापाच टाकत होतं. एकदाही हलकं झालं नाही.

"मुकादम, पाणी प्यायलाबी कुणी थांबंना," मशीन चालवणारा दस्तगीर म्हणाला. "हवेच्या दाबाचा काटाबी चढंना. माझा भाऊ अजीज हाय तिथं, जरा बघून येतो."

"काटा चढंल कसा? दोघांचं ड्रिल हवा खातंय! आज कुठं सुधारल्यात, तर तू जाऊन गप्पा हाणणार व्हय? मशीन सोडून हालायचं न्हाई."

दस्तगीरनं मशीनमध्ये डिझेल ओतलं.

दुपारी रखमाजी लई खूश होता. गड्यांना द्यायला गुळाचा खडा घेऊन तो स्वतःच वळणापर्यंत चढून गेला.



पुढं कडा खाली आला होता, आणि दगडांच्या ढिगाखाली तुटलेल्या पाइपातून दस्तगीरची हवा एकसारखी सुटत होती.